सवाष्णींच्या यादीचं नवं नाव

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. देवघरात उदबत्तीची राख साठते तसे ते साठतात. पुसायला घेतलं की कळतं, अगंबाई, केवढे झाले! आमच्या लखनौमधल्या अलीगंजच्या भजनी मंडळाचंही तसंच.

*

दहाएक वर्षांपूर्वी माझ्या लेकीनं, गौरीनं, मंडळाच्या याद्या जुन्या लॅपटॉपवर घेतल्या. एसक्यूलाइट नावाचा छोटासा डेटाबेस, तोही जुन्या व्हर्जनचा. पहिल्या यादीला, म्हणजे टेबलला, तिनं नाव दिलं 'टेस्ट'.

"श्रीकार घातल्याशिवाय कोरी वही सुरू करतात का, बाळा?"

"आई, डेटाबेस को श्री नहीं चाहिए!"

"मला हवाय ना!"

बदललं बिचारीनं. दुसऱ्या टेबललाही मी तेच सांगितलं. "एक नाम के दो टेबल नहीं होते, आई."

"मग त्याला गणपती म्हण!"

*

व्रतांच्या टेबलचं नाव होतं 'उपवास'. एअरफोर्सवाल्या देशमुखबाईंनी आत डोकावलं: साबुदाणा, वरी, रताळ्याचा कीस, दशहरी आंब्याचा रस...

"गौरी, याला 'मेजवानी' म्हण गं. देव बघतोय!"

गौरीनं खरंच बदललं. त्या आषाढीला फराळाला कुणी हातच लावेना!

*

आमच्या पेटीवादक शालिनी कुलकर्णी वहिनींचे यजमान गेले, त्यानंतरची पहिली संक्रांत. हळदीकुंकवाच्या निमंत्रणांचं टेबल होतं 'सवाष्णी'. वहिनींना वगळून आमंत्रण करायला माझं मन धजेना. गौरीला म्हटलं, "नाव 'मैत्रिणी' कर, आणि वहिनींना घाल." मंडळातल्या सगळ्यांत मोठ्या लेलेआजी नाराज. "रीत ती रीत," एवढंच बोलल्या.

सगळ्या तिळगूळ भरायला आमच्याकडे जमलो होतो. वहिनीही होत्या. गौरी निमंत्रणं काढायला बसली, तर स्क्रीनवर एरर: 'सवाष्णी' नावाचं टेबलच नाही!

"अगं, नाव बदललंस ना?" मी विचारलं.

"टेबल का बदला, आई. पण निमंत्रणं ज्या view मधून, म्हणजे टेबलवरून बनणाऱ्या तयार यादीतून, निघतात ना, तो अभी भी पुराना नाम ढूँढ रहा है. नए वर्जन में अपने आप बदल जाता है. यह पुराना है, इसमें हाथ से बदलना पड़ेगा."

वहिनी खाली मान घालून तिळगूळ भरत राहिल्या.

लेलेआजींनी चष्मा पुसला. "नव्यात आपोआप बदलतं म्हणतेस?"

"हाँ, आजी."

"मी जुनीच गं," म्हणत त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. "शालिनी, जरा पुढे सरक."