धोंडाबाईचं बिऱ्हाड

विसोबा शिंपी विंझरला पहिल्यांदा आला, तेव्हा धोंडाबाईला वाटलं, भोरच्या बाजारातून कुणीतरी कपड्यांचं गाठोडं पाठवलंय. बैलगाडी दारात थांबली, गाठोडं आपणहून खाली उतरलं आणि असं शिंकलं की गाडीचे बैल बिचकून सुटले ते थेट मार्गासनीला जाऊन थांबले म्हणतात. मग गाठोडं सुटू लागलं. घोंगडी निघाली, उपरणं निघालं, एकीवर एक घातलेल्या बंड्या निघाल्या, आणि अगदी आत, कणसात दाणा असावा तसा, एक काटकुळा माणूस निघाला. काखेत हातानं फिरवायचं शिवणयंत्र, लेकरू धरावं तसं धरलेलं.

"वैनी, तुमच्याकडं वारा कुठनं येतो?" हा त्याचा पहिला प्रश्न. अजून दसरा व्हायचा होता! पण माणूस महाडच्या उकाड्यात वाढलेला. घाट चढतानाच गारठून गेला होता.

तरी धोंडाबाईनं त्याला हरखून ठेवून घेतलं. विंझरात तोवर कुणाच्या घरी भाडेकरू नव्हता. समोरच्या जावेकडे, अंबूबाईकडे, तर नव्हताच, आणि खरी गोडी त्यातच होती. घर म्हणजे अर्ध्यात माणसं, अर्ध्यात गुरं, मधे कारवीचा कूड. धोंडाबाईनं चंद्री म्हशीला मागच्या छपरात हाकललं, गोठा सारवला, दाराला आंब्याचे टहाळे बांधले आणि विसोबाला आत बसवलं. मग रोज सकाळी अंगण झाडताना ती समोर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "बिऱ्हाड ठेवायचं म्हंजी सोपं न्हाई बाई, त्याला घर लागतं घर!"

अंबूबाई वाट बघत होती. दिवाळी सरली, तोरण्याकडून वारं उतरलं आणि विसोबाचे दात यंत्रापेक्षा जोरात चालायला लागले.

"बोटं वाकत नाहीत, वैनी. अंबूवैनी म्हणतात, पडवीला तट्टे लावून देते, या राहायला."

धोंडाबाई ताडकन उठली. बिऱ्हाड समोर गेलं तर ती जाव मरेपर्यंत अंगण झाडत बसेल! तिनं नवऱ्याला हाक मारली. "अवो, ऐकलं का? समदी भोकं बुजवा!"

नवऱ्याचं नाव चिमाजी. गडी कामाला वाघ, पण सांगितलेलं काम संपल्यावरही थांबत नसे. त्यानं शेणमाती कालवून कूड लिपला. मग फटी लिपल्या, खिडकी लिपली, भिंत आणि कौलं यांच्यामधली धूर जायची वाट लिपली. कोनाड्यात तेवत असलेला दिवासुद्धा त्यातून सुटला नाही. विसोबानं आत इस्त्रीचे कोळसे पेटवले आणि घटकाभरात डोळे लाल करून, खोकत बाहेर आला.

"मारता का काय मला?"

"ऊब आली का न्हाई पण?" चिमाजीनं विचारलं.

मग त्यानं धुरासाठी चार कौलं काढली. पहाटे त्यातून दव गळलं, ते नेमकं यंत्रावर. कौलं झाकायला त्यानं पेंढा टाकला. तो पेंढा शेजारच्या शेळीनं ओढून खाल्ला आणि जाताना आणखी दोन कौलं फोडली. धोंडाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "तुमी काय बी करू नका. नुसतं बसा. बसणं तरी नीट बसा!"

तिकडे गावात बोंब. लगीनसराई तोंडावर, आणि कुणाचंही कापड मागा, विसोबा दाराआडून एकच बोले, "उद्या!"

एका सकाळी धोंडाबाई त्याला गरम पाणी द्यायला गेली आणि दारातच थिजली. कापडं सगळी शिवून झाली होती, आणि सगळी विसोबाच्या अंगावर होती. गावातल्या नवरदेवाचा, सोनबाचा, लग्नाचा कोट, त्याच्या आत चिमाजीची बंडी, आणि डोक्याला कानांवरून आवळून बांधलेली अंबूबाईची खणाची चोळी!

"अगं, हाय का शिंपी?" बाहेरून अंबूबाईचाच आवाज. "माझी चोळी दे म्हनावं. आन् पडवी सारवलीया, हे बी सांग!"

धोंडाबाईनं चोळी डोक्यावरून ओढली, झटकली आणि दार अडवून पुढं केली. "ही बघ झाली."

"अगंबाई, गरम हाय की अजून!"

"आत्ताच इस्त्री फिरवलीया."

अंबूबाई खूश होऊन गेली. धोंडाबाई मात्र मागच्या छपरात जाऊन चडफडत बसली. चंद्री गोणपाटाखाली कुडकुडत होती. तिला थोपटावं म्हणून धोंडाबाईनं पोटावर हात ठेवला, तर पोट भाकरीच्या तव्यासारखं गरम.

"अवो!" ती किंचाळली. "आपल्या घरात आजवर कधी थंडी व्हती का? ह्या बयेला भाईर काढली तवाच आत आली ती! आना तिला!"

"मग मी एवढं लिपलं ते?" चिमाजी हिरमुसला.

"ते तुमच्या डोस्क्याला लिपा!"

चंद्री परत गोठ्यात आली. विसोबा पहिल्या दिवशी यंत्र पोटाशी धरून कोपऱ्यात बसला. दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीला पाठ लावून शिवायला लागला. संक्रांतीपर्यंत सोनबाला कोट मिळाला, चिमाजीला बंडी मिळाली आणि धोंडाबाईचं अंगण पुन्हा दोन-दोनदा झाडलं जाऊ लागलं. "आमच्या बिऱ्हाडाला म्हशीसकट जागा दिलीया!"

फाल्गुनात ऊन तापलं. गोठ्यात चंद्रीमुळं फार उकडतं म्हणून विसोबा अंबूबाईच्या पडवीत राहायला गेला, आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला.