बंबात घातलेल्या मुलाखती

सरळ सांगून टाकते. पीएच.डी.साठी गोळा केलेल्या मुलाखतींचे सगळे कागद मी अंघोळीच्या बंबात घातले होते. पाणी छान तापलं. सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून झालंय, मग घरात पसारा कशाला, हा त्यामागचा थोर विचार. पन्नाशी उलटल्यावर पीएच.डी.ला बसलेली बाई मी. टापटिपीचा कोण तोरा!

मुलाखती साताऱ्याकडच्या एका गावातल्या फौजींच्या बायकांच्या. सुट्टी संपवून नवरा पलटणीत परत गेला की घरातलं कोण ठरवतं, एवढंच विचारत फिरले होते. नावं लिहायची नाहीत असा नियम, म्हणून प्रत्येकीला नुसता नंबर. नंबरांची यादीही बंबातच गेली.

मग मे महिन्यात सांगलीला, विश्रामबागेत, पीएच.डी. करणाऱ्यांची पंधरा दिवसांची कार्यशाळा लागली. माणसांचं वागणं कॉम्प्युटरवर कसं तपासायचं, ते शिकायचं. वर्गातली पोरं माझ्या लेकीच्या वयाची. मी पहिल्या बाकावर, इस्त्रीच्या साडीत.

चौथ्या दिवशी आपापली माहिती नीट लावायला सांगितली. पुष्कळ बायकांची 'घरातलं कोण ठरवतं' या प्रश्नापुढची जागा कोरी होती. तांदळातले खडे काढावेत तशा मी त्या सगळ्या ओळी काढल्या आणि फाइल त्याच नावानं सेव्ह केली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर माझा आलेख झळकला. जवळजवळ प्रत्येक घरात बाईच ठरवते! मी असा काही पदर सारखा केला, जणू हे राज्य मीच आणलं.

शिकवणारा तरुण सर पडद्यापाशी जाऊन आलेखाखालचे आकडे मोजू लागला.

"मॅडम, ज्या बोलल्याच नाहीत, त्या कुठं आहेत?"

"काढल्या. कोऱ्याच होत्या."

"मूळ फाइल?"

"हीच."

"कागद तरी असतील ना?"

"बंबात घातले."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. सर हसला नाही, ते जास्त लागलं. "त्या गप्प का राहिल्या, तेच तर बघायचं होतं मॅडम," एवढंच म्हणाला.

होस्टेलवर माझ्या खोलीत वर्गातलीच एक पोरगी होती. तिनं दोन दिवस माझा लॅपटॉप उलटापालटा केला. मी शेजारी बसून तिला काकड्या चिरून देत होते. दुसरं काय येत होतं मला? शेवटी ती म्हणाली, "काकू, गेलं ते."

कार्यशाळा संपल्यावर एसटीनं तडक ते फौजींचं गाव गाठलं. आळीत उभी राहून आठवायला लागले. चेहरे सगळे ओळखीचे, पण कोण बोललं होतं नि कोण नाही, काही केल्या आठवेना. एकच घर पक्कं ध्यानात होतं. तिथल्या सुनेनं तेव्हा माझा प्रश्न ऐकून न ऐकल्यासारखा केला होता.

ती सोप्यात शेंगा फोडत होती. पलीकडं बाजेवर सासू. मी वही उघडली आणि तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा विचारला. ती मान खाली घालून शेंगा फोडत राहिली.

"तिला काय इचारताय?" सासू म्हणाली. "मी सांगते, लिवा."

मी वही मिटली. सून मला वाटेला लावायला रस्त्यापर्यंत आली. तिनं एकदा मागं वळून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली,

"आवं बाई, गेल्या बारीला बी तुमी आत्तींच्या म्होरंच इचारलं, आन आज बी त्यांच्या म्होरंच. एवढं शिकून बी तुमास्नी कळंना व्हय?"