पुस्तकातली माती

गल्लीत तिला सगळे ‘पहिली’ म्हणायचे. बालवाडीपासून इंजिनिअरिंग संपेपर्यंत तिने पहिला नंबर सोडला नव्हता, त्यामुळे खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. वडील शिंपी. शर्टाचं माप घेता घेता ते गिऱ्हाइकाला लेकीचे मार्क ऐकवायचे. छातीभोवती टेप गुंडाळलेली, हात वर. ऐकून घेण्यावाचून बिचाऱ्याला गत्यंतर नसायचं. परदेशातल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली त्या दिवशी तर बाबांनी एकाची विजार दुसऱ्याच्या मापाने कापली, आणि तो माणूसही हसत हसत आखूड विजार घालून गेला.

तिकडे ती माती शिकायला गेली. इमारतीच्या वजनाने खालची माती किती दबते, कशी दबते, हा तिचा विषय. ओल्या चिकणमातीची चकती कापायची, यंत्रात बसवायची, वर वजन चढवत जायचं आणि ती किती खाली जाते ते टिपायचं. काम सोपं दिसत होतं. पण तिची चकती काही केल्या पुस्तकातल्यासारखी दबेना. कधी लवकर बसायची, कधी हटून राहायची.

शेजारच्या टेबलावरची मुलं बिनधास्त प्रश्न विचारायची, चुकायची, हसायची. पहिलीला ते जमेना. विचारायचं म्हणजे येत नाही हे कबूल करायचं, आणि ते तिने जन्मात केलं नव्हतं. तिच्या जुन्या कॉलेजात प्रयोगाचं उत्तर आधीच माहीत असायचं. आकडे मागाहून जुळवून घ्यायचे. त्याला लबाडी म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं. उलट जुळवलेल्या आकड्यांनाच पैकीच्या पैकी मिळायचे. तिने इथेही तेच केलं.

तिच्या मार्गदर्शक बाई निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

“रविवारचे आकडे फारच सुबक आहेत,” बाई म्हणाल्या. “तू स्वतः होतीस यंत्रापाशी?”

“हो.”

“रविवारी विजेच्या कामासाठी अख्खी इमारत बंद होती. मलासुद्धा आत सोडलं नाही.”

“माझे खरे आकडे चुकीचे येत होते,” ती कशीबशी म्हणाली.

“चुकीचे कशावरून?”

“पुस्तकात तसे नाहीत.”

“पुस्तकात दुसऱ्या कुणाची तरी माती आहे. तुझी कुठाय?”

प्रकरण समितीपुढे गेलं. वर्ष रद्द झालं, शिष्यवृत्ती बंद. स्वतःच्या खर्चाने ते वर्ष पुन्हा करता येईल, एवढी एकच वाट ठेवली.

त्यानंतर ती खोलीत पडून राहिली. ताटली तशीच, केस तसेच, पडदा ओढलेला. शेजारच्या खोलीतली मुलगी दार वाजवून थकली. इतकी वर्षं आपण म्हणजे एक नंबर होतो. तो काढून घेतल्यावर खाली माणूस उरतो की नाही, हेच तिला कळेना. आपण नसतोच तर बरं, असंही मनात येऊन जायचं, आणि त्या विचाराला ती घाबरायची नाही, याचीच तिला नंतर भीती वाटायची. घरून फोन आला की मात्र आवाजाला इस्त्री करून ती बोलायची.

“काय गं, इथेही पहिलीच ना?” बाबा विचारायचे.

“निकाल लागायचाय, बाबा.”

पोटासाठी तिने एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम धरलं. वाफेत उभं राहून चादरींच्या घड्या घालायच्या. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि चादर नीट दुमडली गेली की नाही एवढंच बघितलं जायचं. त्या कामाने ती निदान उठून आंघोळ करू लागली. आणि एका दुपारी, वाफेचा वास अंगावर असतानाच, तिने घरी फोन लावून सगळं सांगून टाकलं.

पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला.

“हे अजून कुणाला सांगितलंस?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“सांगू नकोस.” आणि फोन आईच्या हातात गेला. तेव्हापासून तो तिच्याच हातात राहिला. बाबा दुकानात असायचे. दुकान बंद असायच्या वेळेलाही दुकानातच असायचे.

पुढच्या वर्षी साठवलेल्या पैशांतून फी भरून ती पुन्हा यंत्रापाशी आली. चकती पुन्हा तशीच वागली. या खेपेला पहिली वाकडेतिकडे आकडे घेऊन बाईंपुढे उभी राहिली. “असं का होतंय, मला कळत नाही.”

“मलाही नाही,” बाई म्हणाल्या. “दाखव कशी कापतेस.”

तिने कापून दाखवली. चकती मोडेल या धास्तीने ती इतकी हळू कापायची की तेवढ्यात कडा वाळून जायच्या. दोष मातीचा नव्हता, पुस्तकाचाही नव्हता. भित्र्या हाताचा होता. त्या दिवशी पहिल्यांदा तिला आपला विषय खरोखर आवडला, आणि ते सांगायला कुणीच नव्हतं म्हणून ती जिन्यात बसून रडली. पुढे ती पास झाली. साध्या वर्गात, मधल्या कुठल्याशा नंबराने. तिथल्याच एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली.

रुजू होण्याआधी ती घरी आली. बाबांनी जेवलीस का विचारलं, बस. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा ते एका जुन्या गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होते.

“तिकडेसुद्धा पहिली आली,” बाबा म्हणाले. टेपवरची नजर त्यांनी उचलली नाही.

“वा! आम्हाला खात्रीच होती,” गिऱ्हाईक म्हणालं.

तिला मान डोलावता आली असती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण तिच्याच्याने होईना.

“नाही काका. मी आकडे खोटे लिहिले होते. वर्ष गेलं माझं. मग पुन्हा केलं.”

गिऱ्हाईक कसनुसं हसलं आणि माप अर्धवट टाकून, नंतर येतो म्हणून निघून गेलं. बाबांनी टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली.

“हेच शिकायला पाठवलं होतं का तुला?” आई घरी म्हणाली. “बापाची मान खाली घालायला?”

पहिलीकडे द्यायला उत्तर होतं. ऐकणारं कुणी नव्हतं.

निघायच्या दिवशी बाबा बॅग उचलून बसथांब्यापर्यंत आले. तिने “बाबा” म्हणून हाक मारली, तर ते बॅगेचा पट्टा सारखा करत राहिले. बस आल्यावर त्यांनी विचारलं, “तिकडे कुणी ओळखतं का तुला?”

“फारसं कुणी नाही.”

“मग तिकडेच बरी आहेस,” ते म्हणाले, आणि बस सुटायच्या आतच वळून दुकानाकडे चालू लागले.