रिनोव्हेशनसाठी आईला घराबाहेर काढलं तेव्हा...

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त हसायला वाचल्या. जन्म कोकणातला असला तरी असल्या प्रकरणांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आणि "आता बसला बुवा" असंही मी लिहिणार नाही. घडलं ते सांगतो. थोडी फुशारकी वाटेल... वाटू दे, पोरगी माझी आहे.

आम्ही अमेरिकेत, नेपरव्हिलला राहतो — मी, बायको मंजिरी, माझी आई आणि मुलगी तन्वी. गेल्या हिवाळ्यात किचनमागचा पाइप गळून भिंत आतून कुजल्याचं कळलं. खालचा अख्खा मजला तोडावा लागणार होता. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, हवं तर वर राहा, आम्ही प्लास्टिक लावून सील करतो. म्हणजे निर्णय आमच्यावर — घरातच राहायचं, की भाड्याच्या जागेत जायचं?

अडचण आईची होती. तिची आठवण हळूहळू जातेय. तन्वीलाही ती वर्षभर "नर्सबाई" म्हणत होती, नाव पार पुसलं गेलेलं. पण या घरात भिंतीला हात लावत लावत ती बाथरूमपर्यंत बरोबर जायची. मागे एकदा हॉटेलात राहिलो तेव्हा मात्र ती बाथरूम शोधत बाहेर कॉरिडॉरमध्ये गेली आणि परक्या माणसाच्या दारावर थापा मारत माझ्या वडिलांना हाका मारत बसली. वडील जाऊन कितीतरी वर्षं झालीत. म्हणून मी हट्टालाच पेटलो होतो — कुठे जायचं नाही.

"तू काय बोलून राहिला यार?" मंजिरी नागपूरची, तिचा आवाज लगेच चढतो. "धूळ काय प्लास्टिकला विचारून थांबणार आहे? आणि आईंचा दमा?"

तन्वी हॉस्पिटलमध्ये रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे, श्वास अडकलेली माणसं रोज बघते. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आजी हरवली तर वी विल फाइंड हर. तिचे लंग्ज गेले तर आय कान्ट ब्रिंग देम बॅक."

"आणि नाहीच सापडली तर? आतल्या आत हरवली तर?"

"दॅट्स ऑन मी."

जायचं ठरलं. गावातच एक टाउनहाउस भाड्याने घेतलं.

आमच्याकडे मोठं काम काढण्याआधी गाऱ्हाणं घालतात. देवापुढे उभं राहून मोठ्याने, थेट त्याच्याशी बोलायचं, आणि बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणत साथ द्यायची. रीतीप्रमाणे मीच घालायला हवं होतं. पण मी नारळ हातात धरून आईकडेच बघत राहिलो. तन्वीने नारळ माझ्या हातातून काढून घेतला.

"बा देवा महाराजा, आम्ही आजीला मूव्ह करतोय. तिला ती जागा माहीत नाही. सो प्लीज, तिचा हात सोडू नको. लाइक, एव्हर."

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज आईचा! गावच्या मानकऱ्यांनीही कान टवकारले असते असं गाऱ्हाणं माझ्या अमेरिकन पोरीने घातलं होतं.

त्या संध्याकाळी तन्वी एकटीच नव्या जागेत सामान लावायला गेली. आई पूर्ण वेळ माझ्यासोबत घरी, टीव्हीसमोर होती. तिने ती जागा कधी पाहिली नव्हती, फोटोसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बर्फ भुरभुरत असताना, मी आणि मंजिरी आईला घेऊन तिथे पोचलो. तन्वी ड्यूटीवर होती. मी आईचा हात धरायला गेलो, तर तिने झटकला. भिंतीला न शिवता ती सरळ पॅसेजमधून गेली आणि योग्य दारापाशी थांबली. तिथल्या बाथरूमचा स्विच विचित्र ठिकाणी आहे — बाहेर, कपाटाच्या आडोशाला. चावी घेतली त्या दिवशी मला स्वतःला तो शोधावा लागला होता. आईने न बघता कपाटामागे हात घातला आणि दिवा लावला. नंतर किचनमध्ये येऊन एकच कपाट उघडलं आणि चहाचा डबा काढून मंजिरीच्या हातात दिला. तो डबा कुठे ठेवलाय ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

"आई... तुला कसं कळलं गं?"

"तन्वीन दाखवल्यान माका. काल. हाताक धरून," ती वैतागून म्हणाली.

तन्वीन! वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या तोंडून ते नाव आलं होतं. मी लगेच पोरीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बाबा... काल सामान लावल्यावर आय वॉक्ड थ्रू द होल प्लेस. हात असा बाजूला धरून, जशी आजी माझ्यासोबत आहे. प्रॅक्टिस म्हणून. मोठ्याने सांगत होते — आजी, हे बाथरूम, स्विच इथे मागे, चहा या कपाटात. आय फेल्ट सो स्टुपिड, मी कोणालाच नाही सांगितलं." मग तिचा आवाज फुटला. "शी सेड माय नेम?"

तिथे राहिलो तितके दिवस आई एकदाही चुकली नाही.

मी इंजिनीअर माणूस, सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. योगायोग म्हणावा, तर तो स्विच आडवा येतो. उत्तर आजही नाही, आणि खरं सांगायचं तर आता मी ते शोधतही नाही. आमचं नवं किचन छान झालंय. लोक मुद्दाम बघायला येतात, काउंटरवरून हात फिरवत कौतुक करतात. मी त्यांना आधी खुर्चीत बसवतो आणि माझ्या पोरीबद्दल सांगतो.