मास्तरांचा ब्रेकवरचा पाय

मास्तर गाडी शिकवायचे ते रस्त्याकडे बघून नव्हे, शिकणाऱ्याच्या कानाकडे बघून. थट्टा नाही ही. अडतीस वर्षं ते शेजारच्या सीटवर बसले, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक, आणि नजर कायम चालवणाऱ्याच्या कानावर.

"माणूस तोंडाने थापा मारतो," ते म्हणायचे, "स्टिअरिंग घट्ट धरून धीट असल्याचा आवही आणतो. पण कानाला सोंग आणता येत नाही."

पहिल्या दिवशी कान लालभडक. मग तो वकील असो नाहीतर वखारवाला. आठवड्याभरात लाली वरच्या कडेपुरती उरायची. अठराव्या-विसाव्या दिवशी नुसत्या पाळीवर थोडं गुलाबी राहिलं की मास्तर खूश. गडी तयार! पण तेवढं गुलाबी उरायलाच हवं, हा त्यांचा हट्ट. भीती पार गेली की तिच्याबरोबर अक्कलही जाते, असं त्यांचं पक्कं मत होतं. अडतीस वर्षांत एकच माणूस असा भेटला, ज्याचे कान पहिल्या दिवसापासून थंडगार. व्यायामशाळेचा मालक. चौथ्या दिवशी त्याने कोपऱ्यावरचं पत्र्याचं दूधकेंद्र आडवं केलं आणि वर म्हणाला, "तेच मध्ये आलं!"

काय एकेक नग शिकून गेले मास्तरांच्या हाताखालून! औषधाच्या दुकानाचा मालक प्रत्येक गिअरला आईची शपथ घालायचा. एक हेडक्लार्क वळताना दिवा लावायचे, हात बाहेर काढायचे आणि शिवाय मोठ्याने "वळतोय हं मी, वळतोय" असं रस्त्याला कळवायचे. दोघी जावा एकत्र यायच्या. धाकटी चालवायची आणि मागे बसून थोरली तिला मास्तरांपेक्षा जास्त शिकवायची. शेवटी मास्तरांनी थोरलीला पुढे घेतलं, तर तिचे कान असे पेटले की बोलतीच बंद. त्यानंतर म्हणे त्या घरात बरीच वर्षं शांतता नांदली.

मास्तरांकडे परीक्षेची एकच पद्धत. कानाने होकार दिला, की त्या दिवशी ते मांडीवरचा पेपर उचलायचे आणि तोंडासमोर असा उघडायचे की समोरचा रस्ताच दिसेनासा व्हावा.

"मास्तर! पेपर काय वाचताय? समोर ट्रक आहे!"

"मग बघ की त्याच्याकडे. मी कशाला बघू?"

"मास्तरांनी पेपर उघडला" म्हणजे काम फत्ते, हे सगळ्या वस्तीला ठाऊक. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला बढती मिळाली, की लोक विचारायचे, "काय, उघडला का पेपर?" फक्त मास्तरीणबाईंच्या वाट्याला हा मान कधी आला नाही. त्या त्यांच्याकडेच शिकल्या, बारा वर्षं लेकीला शाळेत सोडलं, एक ओरखडा नाही. पण शेजारी बसलेल्या मास्तरांचा पाय ब्रेकवरून हलायचा नाही. "जगाला पेपर आणि मला ब्रेक," बाई चारचौघांत ऐकवायच्या. मास्तर तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे.

मग आपल्या आपण चालणाऱ्या गाड्यांचा बोलबाला सुरू झाला. ज्यांच्या आयांनी मास्तरांकडे घाम गाळला, ती पोरं म्हणू लागली, "शिकायचं कशाला? थोड्या दिवसांनी गाडीच नेईल." वर्षाला शंभर जण यायचे ते तीस झाले, मग सात. शेवटचा विद्यार्थी पाचव्या दिवशी फोनवरच म्हणाला, "मास्तर, तशी गाडी बुक केली, आता नाही येत." मास्तरांनी स्टुलावर चढून पाटी उतरवली, तिची धूळ पुसली आणि ती पलंगाखाली सरकवली.

माणूस निवृत्त झाला तरी पाय कुठे निवृत्त होतो? बाई गरम तवा सांडशीने उचलायच्या आणि इकडे खुर्चीत बसलेल्या मास्तरांचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. टीव्हीवर कुणी जिन्यावरून धावला, दाबला. जावई बोलता बोलता नको त्या विषयाकडे वळला, दाबला.

"फरशीला खड्डा पडेल अशाने," बाई म्हणाल्या आणि पेपरातली एक जाहिरात त्यांच्या पुढ्यात टाकली. "वाचा. चालकाशिवायच्या गाडीत शेजारी बसण्यासाठी अनुभवी माणूस पाहिजे. लक्ष ठेवणे, गरज पडली तरच ब्रेक दाबणे. अहो, ही तर तुमचीच कुंडली! 'गरज पडली तरच' एवढं सोडून."

हा टोमणा मास्तरांना झोंबला. सदुसष्टाव्या वर्षी आपण अजून त्या शेजारच्या सीटच्या कामाचे आहोत, हे त्यांना दाखवायचंच होतं. जगाला जमलं तर, बाईंना नक्की.

कंपनीने पंधरा दिवस चाचणीवर घेतलं. मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन एक तिशीची इंजिनियर मुलगी बसायची. तिने नियम सांगितले. चालकाची सीट रिकामी राहील. शहरातून ठरलेल्या रस्त्याने रोज पाच फेऱ्या. मास्तरांसमोर एक ब्रेक. दाबला की समोरच्या पडद्यावर आकडा वाढणार आणि दाबण्याचं कारण मोठ्याने सांगायचं. पंधराव्या दिवशी दिवसभराचा आकडा पाचच्या वर गेला नाही तर नोकरी पक्की.

"पाच? अगं, पाचसुद्धा जास्त झाले," मास्तर रुबाबात म्हणाले.

पहिल्या दिवशी आकडा झाला चौऱ्याहत्तर.

गाडी सुटली, स्टिअरिंग आपोआप फिरलं आणि मास्तरांनी अडतीस वर्षांच्या सवयीने मान वळवली. कानच नव्हता! रिकामी सीट, तिच्यावर आवळलेला रिकामा पट्टा. आता लाली बघायची कशाची? मास्तरांचा पाय गेला तो सरळ खाली.

कारणंही एकापेक्षा एक. "ती बाई फोनवर हसत होती. हसणारी माणसं रस्ता बघत नाहीत." "कुत्रं विचारात पडलं होतं." "तो सायकलवाला घरून भांडून आलाय." "काही नाही. वळण होतं."

"मास्तर," मागून आवाज यायचा, "'कुत्रं विचारात पडलं होतं' हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

"तुझ्या गाडीला कुत्र्याच्या मनातलं कळतं का?"

"कुत्रं दिसलं की ती हळू होते. कळायची गरज नाही."

"तिथेच तर घोडं पेंड खातं!"

पण खोटं कशाला बोला, गाडी चालवायची सुरेख. मास्तरांनी ते तिसऱ्याच दिवशी मान्य केलं. त्यांच्या निम्म्या विद्यार्थ्यांपेक्षा बरी. ती कुणाला कट मारायची नाही की हॉर्नवर झोपायची नाही. मास्तर तिच्यावर डाफरायचे तरी ती आपली तशीच थंड. तो थंडपणाच त्यांना सोसेना. व्यायामशाळेचा मालक आठवायचा. नवव्या दिवशी त्या मुलीने सुचवलं म्हणून त्यांनी पेपर उघडूनही बघितला. हरवलेल्या छत्रीची एकच जाहिरात त्यांनी चौदा वेळा वाचली आणि पंधराव्यांदा वाचताना ब्रेक दाबला.

चौदाव्या दिवशी आकडा एकोणीस. घरी बाईंनी चेहरा बघूनच ओळखलं.

"मफलर देऊ का? पाय बांधून बसा."

"तुला चेष्टा सुचतेय?"

"चेष्टा नाही हो. घरात परत याल ना, तेव्हा फरशी माझी आहे." मग त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला आणि हळूच म्हणाल्या, "नाही जमलं तर नाही जमलं. जगबुडी होत नाही."

हे टोमण्यापेक्षा वाईट. बाई समजूत घालायला लागल्या म्हणजे त्यांनी आशा सोडली होती.

शेवटच्या दिवशी तीन फेऱ्यांत चार वेळा ब्रेक दाबला गेला. शाळेच्या फाटकापाशी एकदा, बाजारात दोनदा आणि एकदा निव्वळ वळण म्हणून. दोन फेऱ्या बाकी, एक चूक शिल्लक. गाडी डेपोत उभी होती. मास्तरांनी रिकाम्या सीटकडे बघितलं, मग मागे वळून बघितलं.

"ए पोरी, पुढे ये. इथे बस."

"मी? चालकाच्या सीटवर?"

"काही करायचं नाही. हात मांडीवर ठेव. मला कान हवाय."

"मास्तर, नियम आहे..."

"का गं? आपोआप चालते ना गाडी? तूच बनवलीस ना?"

हे मात्र लागलं तिला. लॅपटॉप मागे ठेवून ती पुढे आली. तिने पट्टा लावला, तो बसला की नाही हे तीनदा ओढून बघितलं. गाडी अजून जागची हलली नव्हती आणि तिचा कान मुळापासून शेंड्यापर्यंत लाल झाला होता. असा कान मास्तरांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

गाडी सुटली. पुलावर तिने डोळेच मिटले.

"डोळे उघड. श्वास घे. कुणी पाठीमागे लागलेलं नाही."

"मास्तर, तो ट्रक!"

"आहे की. त्यालाही घरी जायचंय. खांदे खाली घे."

"ती थांबणार नाही! मास्तर, ती थांबत नाहीये!"

"थांबेल. आत्ता थांबेल. बघ."

थांबली. झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे, अगदी शहाण्यासारखी. मास्तर बोलत राहिले. त्यांनी तिला हेडक्लार्कची गोष्ट सांगितली, दोघी जावांची सांगितली. बाजाराचं वळण कधी आलं नि कधी गेलं, त्यांना कळलंच नाही. पाचव्या फेरीत ती एकदा हसलीसुद्धा. दुपारी गाडी डेपोत शिरली तेव्हा लाली कानाच्या वरच्या निम्म्या भागावर आली होती, आणि पडद्यावर आकडा होता चार.

दोघं आकड्याकडे बघत बसले.

"जमलं," मास्तर पुटपुटले.

तिने मागच्या सीटवरून लॅपटॉप घेतला. मग म्हणाली, "मास्तर, सीट रिकामी असायला हवी होती. शेवटच्या दोन फेऱ्या बाद धरतात. पण मी लिहिलंच नाही तर कुणाला कळणार आहे?"

मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. घरी जाऊन बाईंसमोर आकडा सांगायचा, बस्स! पण त्यांनी तिच्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"लिही," ते म्हणाले. "आणि ती सीट उद्या रिकामीच असणार ना?"

"रोज."

"मग बाद लिही. रिकाम्या सीटशेजारी हा पाय आवरायचा नाही. मला माहितीये, आता तुलाही कळलंय."

तिने लिहिलं. लिहून झालं तरी ती सीटवरून उठेना. पट्टाही तिने सोडला नव्हता.

"तुला चालवता येत नाही ना?"

"बाबांनी एकदा शिकवायला घेतलं होतं. कुंपणाच्या भिंतीला ठोकली. ते रस्त्यात असे ओरडले, असे ओरडले..." तिने चष्मा पुसला. "तेव्हाच ठरवलं. जिच्यात बसून कुणाला कुणाचं ओरडणं ऐकावं लागणार नाही, अशी गाडी करायची."

अडतीस वर्षांत आपण किती जणांवर ओरडलो, याचा मास्तर मनातल्या मनात अंदाज घेत असावेत.

"मीपण ओरडतो," ते शेवटी म्हणाले.

"माहितीये. पंधरा दिवस ऐकतेय."

"गाडीवर ओरडत होतो गं. आत्ता तुझ्यावर ओरडलो का?"

तिने आठवून बघितलं. "नाही."

"तुझी भीती चांगली आहे. जातिवंत आहे. अशी वाया घालवू नये."

घरी बाईंनी दारातच विचारलं, "काय झालं?"

"बाद झालो."

"अरे देवा."

"उद्या पहाटे उठायचंय मला. गाडीवरचं कव्हर काढायला हात लाव जरा."

बाईंनी कव्हरचं दुसरं टोक धरलं. का, कशाला, काही विचारलं नाही. आता त्या गप्प बसल्या म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं की काहीच कळलं नव्हतं, यावर वस्तीत अजून दोन मतं आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास सगळी वस्ती गिअरच्या करकर आवाजाने जागी झाली. ज्याच्या त्याच्या खिडकीत माणसं. मास्तरांची जुनी गाडी भर चौकात बंद पडली होती, पाठोपाठ तिसऱ्यांदा. स्टिअरिंगवर ती मुलगी, शेजारी मास्तर. मागे भाजीचा टेम्पो अडकलेला, त्याचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. मुलीने मान खाली घातली. तेव्हा मास्तरांनी काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि अडतीस वर्षांचा आवाज लावून टेम्पोवर ओरडले,

"थांब रे! दिसत नाही का? माणूस शिकतंय इथे!"