वजन खरं सांगा, शॉक्स घ्यायचेत!

अब्रू गेल्याचे किस्से साठायला वेळ लागत नाही. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या आमच्या ग्रुपकडे तर इतके साठलेत, की पॉटलकच्या जेवणाला कुणी नवा आला की त्याच्या प्लेटमध्ये भाजीच्या आधी किस्साच पडतो! त्यातले स्नोमोबिलच्या शॉक्सचे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे, किस्से मी स्वतःच सांगून टाकतो. नाहीतर नंदू सांगेल, आणि नंदूने सांगितले की मला आठवडाभर तोंड लपवून फिरावं लागतं.

आम्ही तिघं. मी अविनाश, नागपूरचा नंदू आणि डोंबिवलीचा किशोर. तिघांनीही सेकंडहँड स्नोमोबिल घेतल्या. बर्फावरची मोटारसायकलच म्हणा ना, पुढे चाकांऐवजी दोन स्की आणि मागे रबरी पट्टा. हिवाळ्यात विस्कॉन्सिनला केबिन भाड्याने घ्यायची आणि दिवसभर ट्रेलवर गाड्या पळवायच्या. आम्ही तिघं ट्रेलवर, बाकी सगळे केबिनमध्ये.

माझी बायको मनीषा एकदाच माझ्या मागे बसली. तिची कंबर धाकट्याच्या वेळेपासून दुखते. मी म्हटलं, "घाबरू नकोस गं, लोण्यासारखी चालते." पहिल्याच उंचवट्यावर गाडी उडाली, आणि खाली आली तेव्हा मनीषाच्या तोंडून जे निघालं ते साताऱ्याकडचं होतं, इथे लिहिता येणार नाही. उरलेला वीकेंड ती सोफ्यावर गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून होती.

परतताना कारमध्ये म्हणाली, "पुढच्या वर्षी येईन मी. पण त्या गाडीवर नाही. तुम्ही हिंडा, मी खिचडी टाकते."

ती चिडून म्हणाली असती तर मी वाद घातला असता. ती अगदी शांतपणे म्हणाली. अमेरिकेत येऊन मी बायकोला कुठे नेलं, तर एका घरातल्या ओट्यापासून दुसऱ्या घरातल्या ओट्यापर्यंत! मला फार लाज वाटली. तेव्हाच ठरवलं, गाडीला चांगले शॉक्स बसवायचे आणि मनीषाला मागे बसवायचंच.

*

आता शॉक्स घ्यायचे म्हणजे रिसर्च आला, आणि रिसर्च म्हटलं की आमच्यात एकच माणूस, पुण्याचा प्रसाद. त्याने महिनाभर व्हिडिओ बघितले आणि आम्हाला बेसमेंटमध्ये बसवून टीव्हीवर स्लाइड्स दाखवल्या. गॅसचे शॉक्स, स्प्रिंगचे शॉक्स, थंडीत तेल कसं घट्ट होतं, सगळं. आम्ही वहीच काढायची बाकी होती!

शेवटी किशोरने हात वर करून विचारलं, "प्रसाद, तुझ्या गाडीला यातले कुठले बसवलेस?"

"माझ्याकडे स्नोमोबिल नाहीये."

"मग भाड्याने कधी चालवलीस?"

"छे! मला थंडी सोसत नाही," प्रसाद म्हणाला आणि पुढची स्लाइड लावली.

आम्ही मुकाट्याने बघत राहिलो. कारण खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा त्याला जास्त कळत होतं.

*

केबिनजवळच्या गावात एक दुकान आहे. काउंटरवर बार्ब नावाच्या बाई असतात, साठीच्या पुढच्या, सगळ्यांना 'हनी' म्हणणाऱ्या. आम्ही चौघं गेलो. प्रसादही आला, पण कारमध्ये हीटर लावून बसायच्या अटीवर.

नंदू म्हणाला, "तुम्ही कोणी बोलू नका बे. तीन गाड्यांचे शॉक्स घेतोय आपण. भाव मी करतो."

त्याने किंमत ऐकली, छातीवर हात ठेवला, मान हलवली आणि निम्म्याने मागितले. बार्बबाई हसून म्हणाल्या, "नाही, हनी." झालं! नंदूने आमच्याकडे बघून डोळा मारला आणि थेट दाराकडे चालू लागला. सीताबर्डीच्या बाजारात आयुष्य गेलेलं त्याचं, मागून हाक येणार याची खात्री. दाराशी थांबला. हाक नाही. बाहेर गेला. पार्किंग लॉटमध्ये इतका हळू चालला की बघणाऱ्याला वाटावं, याला काहीतरी लागलंय.

आणि खरंच बार्बबाई दार उघडून त्याच्यामागे धावल्या! "सर! सर!"

नंदू वळलाच नाही लगेच. दोन पावलं अजून टाकली. मग तोऱ्यात वळला.

बाईंच्या हातात त्याचे ग्लव्हज होते.

*

मग आम्ही बाईंनी सांगितलेली किंमत मान्य केली आणि निमूट काउंटरपाशी उभे राहिलो. बार्बबाईंनी विचारलं, "चालवणाऱ्याचं वजन? हेल्मेट, बूट, जाकीट सगळं धरून." वजनाप्रमाणे शॉक्सची स्प्रिंग कडक की मऊ ते ठरतं म्हणे.

सॉफ्टवेअरमधली तीन कर्ती माणसं, आणि तिघंही छताकडे बघतायत.

नंदू म्हणाला, "लायसन्सवर आहे ते लिहा." नंदूने लायसन्स काढलं तेव्हा त्याला केस होते. किशोर हडकुळा, त्याने लाजून थोडं वाढवून सांगितलं. मी काय सांगितलं ते मी मनीषालाही सांगितलेलं नाही.

एवढ्यात थंडीची पर्वा न करता प्रसाद आत आला. "तिघांच्या एकसारख्या स्प्रिंग घेतल्या तर डिस्काउंट आहे, मी वेबसाइटवर वाचलं. सरासरी वजन सांगा ना!"

बार्बबाई म्हणाल्या, "सरासरी माणूस गाडीवर बसत नाही, हनी." पण डिस्काउंट म्हटल्यावर आम्ही कुठले ऐकतो? तिघांच्या तीन थापा, त्यांची सरासरी, आणि त्यावर ऑर्डर!

पुढच्या ट्रिपला निकाल लागला. नंदूची गाडी प्रत्येक खड्ड्यात धाडकन टेकायची. किशोरची गाडी टेकायचीच नाही, किशोरच सीटवरून उडायचा. मागून येणारी एक गोरी फॅमिली थांबून त्याला विचारत होती, "आर यू ओके?" आणि तो हवेतूनच थम्स-अप दाखवत होता.

*

पूजेचं तर विचारूच नका. नवे शॉक्स बसवले म्हणजे गाडी नवीच झाली, असं किशोरच्या बायकोचं, अश्विनीचं म्हणणं. तिने त्याच ट्रिपला केबिनच्या अंगणात तिन्ही गाड्यांना हळदकुंकू वाहिलं. पुढच्या स्कीखाली लिंबू ठेवलं. ते रात्रभर डिकीत राहून गोटा झालेलं. गाडी त्यावरून गेली तरी लिंबू शाबूत! नारळ बर्फावर आपटला तर तो न फुटता घसरत उतारावरून शेजाऱ्यांच्या दारात गेला.

नंदू त्याच्यामागे धावला आणि त्याच्या हातातली कुंकवाची वाटी बर्फात सांडली.

शेजारचे म्हातारे गृहस्थ खिडकीतून बघत होते. त्यांना काय दिसलं? पांढऱ्या बर्फावर लालभडक काहीतरी आणि त्यात गुडघ्यांवर पडलेला एक जाडा माणूस. ते बिचारे स्लिपर घालूनच फर्स्ट एडचा डबा घेऊन पळत आले! नंदूला रक्त कुठून येतंय हे शोधायला लागले. आम्ही त्यांना पूजेचे पेढे दिले, पण कुणाची मान वर होईना.

*

आणि आता शेवटचा. हा माझाच आहे.

त्याच दिवशी मनीषा बूट चढवून बाहेर आली. "चल, बसते. तू एवढी खटपट केलीस." तेवढ्यासाठीच तर मी केलं होतं सगळं! पण बसायच्या आधी तिने प्रसादला विचारलं, "शॉक्स बरोबर बसलेत हे कळतं कसं?" मनीषा काहीही तपासल्याशिवाय घेत नाही, कोथिंबीरसुद्धा.

प्रसाद केबिनच्या दारातून, ब्लँकेट गुंडाळून म्हणाला, "दोघं बसा. बसल्यावर गाडी किती खाली जाते ते मोजायचं. थोडी जायला हवी, पूर्ण नाही."

मनीषाने पर्समधून ब्लाउजचं माप घ्यायची टेप काढून नंदूकडे दिली. मी बसलो. गाडी थोडी दबली. मग मनीषा बसली.

गाडी खाली गेली, गेली आणि टेकली.

नंदू टेप धरून तसाच वाकलेला. अश्विनी उगाच झाडांकडे बघायला लागली. मनीषा हळूच खाली उतरली. तिचं तोंड लाल झालं होतं. "माझ्यामुळे झालं का?" तिने विचारलं, आणि केबिनकडे वळली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

प्रसादला कुठे थांबायचं ते कळत नाही. "अविनाश, सरासरीत तू मनीषाचं वजन धरलं होतंस ना?"

"धरलं होतं. माझ्यातच मिळवून सांगितलं होतं."

मनीषा थांबली. "माझं वजन? तुला कुठे ठाऊक आहे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. चार लोकांसमोर सांगितलं, "लग्नाच्या बायोडेटात होतं ते."

मनीषा माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अरे वेड्या, ते तर तेव्हाही खोटं होतं! आत्याने कमी करून लिहिलं होतं!"

आणि खो खो हसायला लागली. हसता हसता कंबर धरली, पण थांबेना. मग माझ्या खिशातून फोन घेतला, बार्बबाईंना लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हॅलो बार्ब, अविनाशची बायको बोलतेय. त्याच्या स्प्रिंग बदलायच्यात. वजन लिहून घ्या." आणि तिने आधी स्वतःचं सांगितलं, बुटांसकट, ठणठणीत आवाजात, शेजारच्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जाईल असं. मग माझं सांगितलं. खरं. तिला कसं ठाऊक, कोण जाणे! "आणि मागे बसणाऱ्याच्या पाठीला टेकायला काहीतरी मिळतं ना? तेही हवंय. मी शनिवारी येते घ्यायला."

पलीकडून बार्बबाई म्हणाल्या, "थँक यू, हनी. एवढंच का?"

मनीषा फोन ठेवणार, तेवढ्यात नंदूने टेप खाली ठेवली आणि घसा खाकरला.

"वहिनी, थांबा जरा. माझंही सांगायचंय."