हाडांचा वॉर्ड हलला ती दुपार

लातूरकडचा भूकंप झाला, त्या वर्षी मी सांगलीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मी मूळची पाटणकडची, त्यामुळे जमीन हलणं मला नवं नव्हतं. मांडणीवरची भांडी वाजली की आई आम्हाला अंगणात काढायची. पण वर्तमानपत्रातले ढिगाऱ्यांचे फोटो बघितल्यापासून रात्री कुठं भांडं वाजलं तरी मी उठून बसायची.

वर्गात मॅडमनी विचारलं, "वॉर्डात असताना इमारत हलली तर काय कराल?"

मुली भराभर बोलल्या. आधी पेशंटना बाहेर काढू, मग आम्ही. मला मात्र वरच्या मजल्यावरचा हाडांचा वॉर्ड दिसत होता. तिथल्या निम्म्या लोकांना उचलणंच शक्य नव्हतं.

काही दिवसांनी त्याच वॉर्डात आमची दुपारची ड्यूटी होती. माझ्याबरोबर माझी मैत्रीण होती, सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याची मुलगी. मी उंब्रजच्या एका आजोबांची चादर सरळ करत होते. हायवेवर ट्रकनं उडवल्यानं त्यांची मांडी मोडली होती. पाय वजनं लटकवून ताणून ठेवला होता. आधी खिडक्यांची तावदानं थरथरली, मग पायाखालची फरशी. ओळखायला मला क्षणही लागला नाही.

ज्यांना चालता येत होतं ते जिन्याकडे धावले. त्यांच्यात माझी मैत्रीणही होती. आजोबा म्हणाले, "आवं शिस्टर, तुमी जावा भाईर. माजं काय हुईल ते हुईल."

मला जायचं होतं, पण पाय हललेच नाहीत. पलंगाची लोखंडी दांडी धरून मी उभी राहिले. लटकलेली वजनं झोके खायला लागली तसे आजोबा कळवळले. मी खाली बसून ती दोन्ही हातांनी धरली. थरथर थांबली तरी सोडवेनात.

मुख्य सिस्टर आल्या आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "शाबास. थांबलीस."

"मला पळताच आलं नाही, सिस्टर," मी म्हणाले.

"बरं. आता वजनं सोड, हळूच."

मैत्रीण परत आली. आजोबांसमोर उभी राहून रडायला लागली. ते म्हणाले, "रडू नगा. माजा पाय मोकळा असता तर मी तुमच्या म्होरं पळालो असतो."

पुढे मॅडमनी विचारलं, असं संकट आलं तर मदतीच्या तुकडीत कोण जाईल? पहिला हात मैत्रिणीचा वर गेला. माझा गेला नाही.

"तुला भीती नाही वाटत?" मी तिला नंतर विचारलं.

"लय वाटते. पण त्या जिन्यात जसं वाटलं, तसं परत नको."

माझी भीती काही गेली नाही. नोकरी लागली तीही पाटणकडच्याच दवाखान्यात, जिथं अधूनमधून जमीन हलायचीच. ड्यूटीवर गेले की मी आधी बघून घ्यायची, आज कोणाकोणाला चालता येत नाही.